पारा किती चढला ते नंतर, आधी घाम वाळतोय का ते बघा

एप्रिल लागला की इथे दरवर्षी तोच वाद सुरू होतो. नागपूर-अकोल्याचे लोक 44 डिग्रीचा स्क्रीनशॉट टाकून मुंबईकरांना म्हणतात, "34 ला कसलं रडता?" मुंबईकर म्हणतात, "इकडे या आणि दुपारच्या लोकलने जाऊन दाखवा." मी माहेरची चंद्रपूरची, सासरी डोंबिवलीत. दोन्हीकडचे उन्हाळे अंगावर काढलेत आणि दोन्हीकडची माणसं माझीच आहेत. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय. माझं मत असं, की आपण चुकीच्या आकड्यावर भांडतोय. उन्हाळ्यात माणूस तगतो तो अंगावरचा घाम वाळला तर. नाही वाळला, तर पारा 34 वर असो की 44 वर, शरीर तापतच जातं.

आपलं शरीर सतत उष्णता तयार करत असतं. नुसतं बसून राहिलं तरी साधारण 100 वॅट, आणि स्लॅबवर घमेली वाहणाऱ्याचं त्याच्या तिप्पट-चौपट. ही उष्णता बाहेर गेलीच पाहिजे. हवा गार असेल तर ती त्वचेवरून आपसूक जाते. पण त्वचेचं तापमान उन्हाळ्यात 35 च्या आसपास असतं. हवा तेवढी तापली की ती वाट बंद होते, आणि त्याहून जास्त तापली की उलट बाहेरचीच उष्णता आत येऊ लागते. मग हाताशी उरतो तो फक्त घाम. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला रक्त किंचित तापल्याचंही कळतं. त्याचा निरोप गेला की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंगभर पसरलेल्या 20 ते 40 लाख ग्रंथी कामाला लागतात. अंगमेहनत करणारा माणूस तासाला लिटरभर घाम सहज गाळतो.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण जो घाम गळून जमिनीवर पडला किंवा बनियनमधून पिळून काढावा लागला, तो गारवा न देताच गेला. शरीरातलं पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलंच राहिलं.

इंग्लंडमधल्या चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टरांनी 1775 मध्ये याबद्दलचे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. पाणी उकळतं त्याहूनही जास्त तापवलेल्या खोलीत ते आणि त्यांचे सोबती काही मिनिटं थांबले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र शिजून कडक झाली. ते तगले, कारण हवा कोरडी होती. त्यांनी खोलीत पाण्याची भांडीही ठेवली होती. उघडं पाणी उकळेना, कारण त्याची वाफ होत होती आणि ते स्वतःला गार ठेवत होतं. त्यावर तेल सोडून वाफ अडवली, तेव्हा मात्र उकळलं. दमट हवा आपल्या अंगावर नेमकं त्या तेलाचं काम करते.

आता आपल्याकडचा हिशोब. नागपुरात 45 डिग्री आणि आर्द्रता 15 टक्के, मुंबईत 34 डिग्री आणि आर्द्रता 65 टक्के, अशा दोन दुपारी धरा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा लागू दिला, तर नागपुरात तो साधारण 24 दाखवेल आणि मुंबईत 28 च्या वर. ओलं अंग किती गार होऊ शकतं याचा अंदाज देणारा आकडा हा आहे, आणि तो मुंबईत जास्त आहे, म्हणजे तिथे अंग कमी गार होतं. चंद्रपूरला आमच्याकडे कूलर लावला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सुटलं की खोली गारेगार होते. तोच कूलर डोंबिवलीत लावला तर खोलीत नुसती चिकचिक वाढते. आपलं अंगही तोच कूलर आहे.

म्हणून विदर्भातल्यांनी निर्धास्त व्हावं असं मात्र अजिबात नाही. तिथे घाम इतक्या झटपट वाळतो की तो आल्याचं कळतच नाही. अंग कोरडं, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे डाग, आणि तोवर दोन-तीन लिटर पाणी निघून गेलेलं असतं. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या नऊ कडक दिवसांत, तिकडची माणसं आजारी पडतात त्यात शरीरातलं पाणी संपण्याचा वाटा मोठा. तिकडचा धोका पाणी संपण्याचा, इकडचा घाम न वाळण्याचा. खिशात कांदा ठेवून यातलं काहीच टळत नाही.

16 एप्रिल 2023 ला नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर एका पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसं भर उन्हात बसली होती. 14 जणांचा जीव गेला. पारा 38 च्या आसपास होता. चंद्रपूरच्या माझ्या नात्यातल्या लोकांना ते पटेना. "38 ला माणूस मरतो?" मरतो. खाडीकाठची दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही, गर्दीमुळे वारा नाही आणि तासन्‌तास एका जागी बसणं. घाम वाळायला वाटच नव्हती. ही गोष्ट मला अजून अस्वस्थ करते.

हवामान खात्याच्या निकषात किनारपट्टीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान 37 ला टेकावा लागतो, शिवाय तो नेहमीपेक्षा 4.5 डिग्रीने चढलेला असावा लागतो. 34 डिग्रीच्या घुसमटीला 'उष्ण व दमट' असा इशारा मिळतो, पण त्यावरून कुणी मुकादम काम थांबवल्याचं मी पाहिलेलं नाही. अहमदाबादने 2010 च्या भयंकर उन्हाळ्यानंतर 2013 मध्ये स्वतःचा उष्णता कृती आराखडा केला. आपल्या शहरांचे आराखडे दमटपणा धरून असावेत आणि ते बांधकामाच्या फाटकापर्यंत पोहोचावेत, एवढं मागणं जास्त आहे का? दुपारी 12 ते 4 स्लॅबचं, रंगाचं, खोदाईचं काम बंद. सावली आणि पाणी हाताच्या अंतरावर.

आणि संडास. हे मुद्दाम लिहितेय. कामावरच्या कितीतरी बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. पाणी नाही म्हणजे पुरेसा घाम नाही. त्यांना नुसता "भरपूर पाणी प्या" असा सल्ला देणं मला निर्दयपणाचं वाटतं.

गावाहून परवाच आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी लावू नका. उन्हाची सवय लागायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. तोवर घाम उशिरा सुटतो, कमी येतो आणि त्यातून मीठ जास्त जातं. सवय झाली की लवकर सुटतो, जास्त येतो आणि मीठ वाचतं. पहिले काही दिवस अर्धं काम, मग हळूहळू वाढवा. म्हातारी माणसं आणि ॲलर्जीची, लघवीची किंवा मानसिक आजाराची काही औषधं घेणारे यांना घाम मुळातच कमी येतो, त्यांना दुपारी बाहेर काढू नका. घामातून शरीरातलं 'विष' निघून जातं असं सांगून कुणी गरम खोलीचं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडांचं.

तासन्‌तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मीठ घातलेलं ताक, पन्हं, कोकम सरबत, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटे चमचे. यातलं काहीही चालेल.

शेवटचं, आणि हे सगळ्यांना सांगा. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो. त्याच्याशी बोलून बघा. नाव, गाव विचारा. उत्तर असंबद्ध आलं, तो भांबावला, तोल गेला, तर 108 ला फोन करा. तोवर सावलीत न्या, कपडे सैल करा, बादली बादली पाणी अंगावर ओता आणि मिळेल त्याने जोरात वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.