एका दातासाठी तीन कागद

एक दात. फक्त एक दात इम्प्लांटनं, म्हणजे हाडात स्क्रू रोवून, बसवायचाय, आणि तीन दवाखाने फिरून हातात खर्चाचे तीन कागद, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही!

पहिला आकडा बघून जीव भांड्यात पडला. मग कळलं, तो नुसत्या स्क्रूचा आहे. हाडात जातो तो टायटॅनियमचा. त्यावरचं अबटमेंट, म्हणजे स्क्रू आणि कॅप जोडणारा भाग, वेगळं, त्यावरची कॅप, म्हणजे दिसणारा दात, वेगळी. अहो, नुसत्या स्क्रूनं मी चावू काय? दुसरीकडे सगळं 'पॅकेजमध्ये', पण स्कॅनमध्ये हाड कमी दिसलं तर बोन ग्राफ्टचे, म्हणजे हाडाची भर घालण्याचे, पैसे वर. किती? "ते तेव्हा बघू." तिसऱ्यानं तर तोंडात न डोकावताच दर लिहून दिला. रद्दीचा भाव आहे का तो?

कंपनी कोणती विचारावं तर म्हणे "इम्पोर्टेड आहे". इम्पोर्टेड तर चपलाही असतात! उद्या काही सैल झालं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर त्याला जुळणारा भाग शोधायला नाव, मॉडेल नको? वॉरंटी 'लाइफटाइम', पण स्क्रूची. कॅप फुटली की आपलाच खिसा. स्क्रू हाडात रुजायला साधारण ३ ते ६ महिने जातात, हे पैसे भरताना सांगतात. तोवरच्या तात्पुरत्या दाताचं बिल? बरोबर ओळखलंत, वेगळं.

स्वीडनच्या डॉक्टर ब्रोनेमार्कनी माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट पहिल्यांदा बसवले १९६५ साली. इतक्या वर्षांत सगळा खर्च एका पानावर लिहिणं कुणाला जमू नये? उद्या चौथ्याकडे जायचंय.