मन ढिलं आहे

"लहान आहे, तुम्हाला सोपं जाईल." पिस्तूल विकणाऱ्याचं हे वाक्य. 'लहान'बद्दल माझी काही तक्रार नाही. कमरेला लावलं तर ढगळ शर्टाखाली कुणाला पत्ता लागत नाही, आणि रिकामं असताना वजन जेमतेम अर्धा किलो. 'सोपं' हा शब्द मात्र अंगठ्याची साल गेल्यापासून मला ऐकवत नाही.

साल गेली ती मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, भरताना. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी३६५ हे पिस्तूल आलं आणि एवढ्याशा मुठीत १० गोळ्या मावतात हे जगाला कळलं. तेव्हापासून सगळ्याच कंपन्यांना आपापल्या चिमुकल्यांत जास्तीत जास्त गोळ्या कोंबायच्या आहेत. कोंबायच्या कुणी, तर आम्ही. माझं पिस्तूल त्याच वळणाचं, दुसऱ्या कंपनीचं. कोऱ्या मॅगझिनमध्ये शेवटची गोळी बसवणं हा गच्च भरलेल्या सुटकेसवर बसून चेन ओढण्याचा प्रकार आहे. इथे बसायला फक्त अंगठा मिळतो. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढायची. स्लाइड आखूड आणि हलकी, म्हणून तिला आवरायला स्प्रिंग दणकट. म्हणजे पिस्तूल जितकं बारकं तितकी स्लाइड मागे ओढायला ताकद जास्त. तरी ज्यांचे हात लहान त्यांच्याच हातात हे ठेवायचं, असं कुणीतरी ठरवून टाकलंय.

असो. नेमबाजीच्या रेंजवर पोचले, चष्मा लावला, कानात फोमचे बोळे घातले आणि वरून इअरमफ चढवले. नऊ मिलिमीटरचा बार साधारण १६० डेसिबलचा असतो, आणि बंदिस्त रेंजमध्ये तो भिंतींवरून पुन्हा भेटायला येतो. त्यामुळे ही दुहेरी तटबंदी. तिच्याआड मला माझा श्वास सोडून काहीही ऐकू येत नव्हतं. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच घडलं.

डावीकडच्या लेनमध्ये काका होते. अंगात जाळीचं जॅकेट, त्याला इतके खिसे की त्यातले निम्मे दुसऱ्या खिशांच्या आत असावेत. टेबलावर मोठं, लांब नळीचं, भारदस्त पिस्तूल. आणि कानावर इलेक्ट्रॉनिक इअरमफ. हे मुद्दाम सांगतेय. या यंत्रात बाहेर माइक असतो. बार झाला की तो आवाज दाबतो आणि माणसाचं बोलणं मात्र वाढवून आत सोडतो. थोडक्यात, काकांना रेंजवरची कुजबुजही ऐकू येत होती आणि मला काकाही ऐकू येत नव्हते.

माझे पहिले काही बार टारगेटच्या खाली आणि डावीकडे गेले. काका पार्टिशनला वळसा घालून माझ्या मागे आले.

काकांचे ओठ हलले. मी म्हटलं, "हं?"

"मनगट ढिलं आहे!" काका ओरडले असणार. माझ्यापर्यंत पोचलं ते "मन ढिलं आहे." आता एका अनोळखी माणसाने, सात मीटरवरच्या कागदाकडे बघून, इतकं नेमकं निदान करावं? मी जरा ओशाळून म्हटलं, "नाही हो, घरी सगळं ठीक आहे."

काका गोंधळले, पण थांबले नाहीत. "डोळा कोणता?"

"गोळा? गोळा नाही, गोळी. साधी, नऊ मिलिमीटर."

"डोळा! डोळा!" म्हणत त्यांनी स्वतःच्या डोळ्यात जवळजवळ बोट घातलं. मग त्यांनी मला दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून दूरचा दिवा बघायला लावला आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. जो मिटल्यावर दिवा त्रिकोणातून निसटतो, तो बलवान डोळा. ही चाचणी खरी आहे, मी ती आधीच करून आले होते, आणि माझा उजवाच बलवान आहे. पण हे सांगायला काका बोलू देतील तर ना! मी खाली मान घालून पुटपुटले, "आता हे गेले तर बरं."

"जातो, जातो," काका म्हणाले. हे बरं स्पष्ट ऐकू आलं, कारण नेमका तेव्हाच मी एक मफ खाजवायला उचलला होता. कानात बोळा होता, तरीही.

काका गेले, पण त्यांच्या पुंगळ्या, म्हणजे बार झाल्यावर उरणारी गोळ्यांची रिकामी कवचं, येत राहिल्या. बहुतेक पिस्तुलं रिकामी पुंगळी उजवीकडे फेकतात. काकांच्या उजवीकडे कोण? मी. पार्टिशनवरून उडालेली एक तापलेली पुंगळी थेट माझ्या कॉलरमध्ये उतरली. इथे नियम कडक आहे आणि तो बरोबरही आहे: आधी बोट चापावरून काढायचं, नळी टारगेटकडेच ठेवायची, पिस्तूल टेबलावर ठेवायचं आणि मगच भाजून घ्यायचं. मी अगदी शिस्तीत भाजून घेतलं.

यात पिस्तुलाचीही एक बाजू आहे. ही नऊ मिलिमीटरची गोळी गेऑर्ग लुगर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवली. १९०८ मध्ये जर्मन लष्कराने ज्या पिस्तुलासाठी ती घेतली त्याची नळी १० सेंटिमीटरची आणि वजन पाऊण किलोच्या वर. गोळी तीच राहिली, पिस्तूल आटत गेलं. वजन निम्मं झालं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. साइटचं, म्हणजे नेम धरायच्या खुणांचंही तेच. माझ्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये जेमतेम १३ सेंटिमीटर अंतर. त्यात एक मिलिमीटर हललं की सात मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर सरकते. करंगळीला तर मुठीवर जागाच नाही, ती बिचारी खाली हवेत लोंबकळत असते. हे सगळं कुणी सांगत नाही. सांगतात ते मनगट.

तेवढ्यात पुंगळी स्लाइडमध्ये अडकून उभी राहिली, धुराड्यासारखी. काका हजर. "बघा! मनगट!" आता ढिल्या मनगटाने असं होतं हे मलाही माहीत आहे. पण कोऱ्या, घट्ट स्प्रिंगनेही होतं, आणि हे पिस्तूल त्या दिवशीच पहिल्यांदा आवाज करत होतं. काकांना दुसरं कारण नको होतं. "मी दाखवतो," म्हणाले. मी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं, स्लाइड उघडी ठेवून पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बाजूला झाले.

काकांनी मॅगझिन भरायला घेतलं आणि शेवटच्या गोळीपाशी तोंड वाकडं केलं. मग पाय रोवले, खांदे पुढे घेतले, जॅकेटचे सगळे खिसे एकदम ताठ झाले. ठो. ठो. ठो.

खाली. आणि डावीकडे.

मी वाट बघत होते, मनगटाची. काकांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, साइटकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं, "याच्या साइटच जुळवलेल्या नाहीत. कंपनीचा दोष आहे हा."

माझ्या हातात होतं तेव्हा दोष मनगटाचा, काकांच्या हातात गेलं की कंपनीचा. यावर मी जे म्हणाले ते पूर्ण वाक्य होतं, मोठ्याने म्हणाले, आणि काकांच्या इअरमफने ते आणखी मोठं करून त्यांना ऐकवलं असणार. त्याच क्षणी पाठीवर टकटक झाली. रेंज ऑफिसर. त्यांनी माझा एक मफ उचलायला लावला आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, लेनमध्ये गप्पा नकोत. इतरांचं लक्ष विचलित होतं."

मला! काका मात्र तोवर टारगेटची सुबक घडी करून कुठल्या तरी खिशात घालत होते. जाताना ते म्हणाले, "पुढच्या वेळी थोडं मोठं घ्या. लहान कठीण असतं." हेच दुकानात कुणी म्हणालं असतं तर!

लेन सोडण्यापूर्वी तिथल्या पुंगळ्या झाडून काढायच्या, असा तिथला नियम. माझ्या लेनमध्ये माझ्या कमी आणि काकांच्या जास्त. दोन्ही झाडल्या. सोललेला अंगठा झाडूच्या दांड्यावर बरोबर घासत होता. रेंज ऑफिसर पुन्हा आले, माझ्या हातातला झाडू बघून खूश झाले आणि म्हणाले, "आता काढलाच आहे झाडू, तर काकांच्या लेनमध्येही जरा हात फिरवता का? ते घाईत गेले."

मी इअरमफ काढलेच नव्हते. मला काही ऐकू आलं नाही.