शुगर-कोलेस्ट्रॉल हा एक शब्द नाही

काल आमच्या माहेरच्या ग्रुपवर शुगर-कोलेस्ट्रॉलवरचा तो मेसेज पुन्हा फिरला. ‘गोळ्या फेका, स्वयंपाकघर हेच औषधालय.’ खाली मेथीदाणे, कारल्याचा रस, दालचिनी, आणि त्याखाली अकरा जणांचे जोडलेले हात. तिथे मी गप्प बसले, कारण आत्येच्या घरचं लग्न तोंडावर आलंय आणि मला भांडण नकोय. म्हणून इथे लिहिते. आत्ये फेसबुकवर नाही.

आधी माझं सांगते. वय ५२, मालवणच्या बाजूला घरातच खानावळ. दिवसाला तीस-चाळीस ताटं, मे महिन्यात मोजायला वेळ नसतो. दोन वर्षांपूर्वी लेकीने हट्टाने रक्त तपासायला लावलं. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.३ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, १७८. डॉक्टर म्हणाले, ‘साखर अजून उंबरठ्यावर आहे. ६.५ झालं की घरात शिरली म्हणायची. काही महिने खाण्याकडे बघा, मग ठरवू.’

मी वही घेऊन बसले आणि दिवसाचं खाणं लिहून काढलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज. दहाला घावणे. दुपारी भात आणि माशाची आमटी. रात्री तांदळाची भाकरी, आणि तिच्यावर ‘जरासा’ भात, कारण सोलकढी भाकरीवर ओतता येत नाही. नावं वेगवेगळी, डब्यातला तांदूळ एकच. शिवाय खानावळवालीचा खास रोग म्हणजे चव बघणं. दिवसभरात माझ्या पोटात एक अख्खं ताट नुसतं चव बघण्यातून जात होतं, हे मला वहीने सांगितलं.

शेजारणी म्हणाल्या, नाचणी खा, तिने साखर वाढत नाही. का वाढणार नाही? नाचणीच्या पिठातही दोन तृतीयांश पिष्टच असतं. कोंडा जास्त म्हणून ती पोटात टिकते, एका भाकरीत भागतं, हा तिचा गुण. चार भाकऱ्या खाल्ल्या तर गुण संपला. आणि तीच नाचणी पातळ आंबील करून प्यायली तर भाकरीपेक्षा लवकर रक्तात उतरू शकते.

तर मी पेज सोडली. सकाळी मुगाची किंवा चवळीची उसळ. दुपारी आधी भाजी आणि मासा, मग एक मूद भात. रात्री एक भाकरी आणि वाटीभर कुळथाची पिठी. रवा लावून तळलेल्या तुकडीऐवजी बांगड्याचं तिखलं. जेवल्यावर वीस मिनिटं बंदराकडे चालत जाऊन यायचं. गाव विचारायचं, ‘खंय चललंस गे?’ आठ महिन्यांत सहा किलो उतरले आणि एचबीएवनसी ५.८ वर आलं. एक गोळी न घेता. मेसेजवाल्यांचं इथपर्यंत खरं आहे, आणि मी त्याचा पुरावा आहे. अमेरिकेत तीन हजारांवर उंबरठ्यावरच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचे निकाल आले. वजन थोडं उतरवून नियमित चालणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांमध्ये ३१ टक्क्यांनी. गोळीपेक्षा ताट भारी ठरलं.

पण त्याच कागदावर खाली एलडीएल होतं. १७८ चं १६१. एवढं सगळं करून!

मला राग आला, आणि तो आधी नारळावर निघाला. आमच्याकडे नारळाला बोल लावणं म्हणजे ग्रामदेवतेला बोल लावणं, तरी लिहिते. खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड) असते, लोण्याहूनही जास्त, आणि तिने एलडीएल वाढतं. ओल्या खोबऱ्यात चोथाही असतो, पण सोलकढीसाठी रस पिळला की चोथा गोठ्यात जातो आणि चरबी आपल्या वाटीत येते. मी घरच्या वाटपातला नारळ निम्मा केला. गिऱ्हाईकांच्या वाटपाला हात लावलेला नाही, धंदा आहे.

‘आमचो बापूस जल्मभर नारळ खाय होतो, काय झाला नाय’ असं मला रोज कोणीतरी ऐकवतं. माझा बाप ४९ व्या वर्षी मळ्यातून घरी येताना वाटेत पडला आणि गेला. गावाने बाधा म्हणून सांगितलं, आईने वर्षभर गाऱ्हाणी घातली. त्याचं एलडीएल कोणी मोजलं होतं? जे नव्वदीपर्यंत जगले त्यांची उदाहरणं आपण देतो. बाकीचे उदाहरणं व्हायला उरलेच नाहीत.

डॉक्टरांनी बापाचं वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं. शरीरातलं बहुतेक कोलेस्ट्रॉल यकृत स्वतःच बनवतं, ताटातून येतं ते थोडं. पथ्याने एलडीएल काही टक्के खाली येतं, पण ज्याच्या रक्तातच वारसा आहे त्याने काय सोडायचं? यकृत? त्यांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवणारं औषध, लिहून दिलं. तीन महिन्यांनी ९८. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या दुखल्या, पण ते मे महिन्यातले दिवस होते आणि मी पहाटे पाचपासून उभी होते, तेव्हा दोष कोणाला देऊ?

‘केमिकल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक गंमत सांगते. पहिलं स्टॅटिन १९७० च्या दशकात जपानमध्ये अकिरा एन्दो नावाच्या शास्त्रज्ञाला सापडलं, ते तांदळावरच्या बुरशीत. मेटफॉर्मिनचं मूळही युरोपातल्या एका झुडपाकडे जातं. म्हणजे झाडपाल्याचं औषध हवं असेल तर ते पाकिटात आहेच.

आता ह्यांची गोष्ट, त्यांना विचारूनच लिहिते. ह्यांना नऊ वर्षं शुगर. माझं वजन उतरलेलं बघून ह्यांनीही भात सोडला, दोनदाच जेवायला लागले. छानच. पण डॉक्टरांना सांगितलं नाही, आणि ग्लिमेपिराइडची गोळी होती तेवढीच चालू. ती गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, ती इन्शुलिन सोडायला लावतेच. त्यात आली संकष्टी. कुडाळच्या एसटी स्टँडवर ह्यांना दरदरून घाम, हात थरथर, बोलणं तुटक. लोकांना वाटलं, सकाळीच लावून आलाय. एका टपरीवाल्याच्या लक्षात आलं, त्याचाही बाप गोळीवर. त्याने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पाव तास बाजूला बसून राहिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळी निम्मी केली, पुढे बंदच केली. आता फक्त मेटफॉर्मिन. म्हणजे ह्यांचीही एक गोळी ताटानेच सुटली. फक्त आधी फोन केला असता तर स्टँडवर दारूडा ठरले नसते.

तर आत्येच्या ग्रुपवरच्या मंडळींनो, इथे कोणी असाल तर सांगा: तुमच्यातल्या कोणाची शुगर आहे, कोणाचं एलडीएल, कोणाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलाय? त्या मेसेजमध्ये तिघांना एकच कारल्याचा रस दिलाय. स्टेंटवाल्याने स्टॅटिन परस्पर सोडलं तर त्याचं काय होऊ शकतं, हे मेसेज लिहिणारा सांगायला येणार नाही.

एक ऑगस्टला होड्या पुन्हा पाण्यात उतरतील. दोन महिने सुक्या बांगड्यावर काढलेत, त्यातलं मीठ हा वेगळाच विषय, प्रेशरवाल्यांनी त्यावर लिहावं. नारळीपौर्णिमेनंतर माझं रक्त पुन्हा तपासायचंय. आज रात्री एक भाकरी, टाकळ्याची भाजी, आणि साडेनऊला ती छोटी पांढरी गोळी. लग्नात मात्र मी सोलकढी दोन वाट्या पिणार आहे, आत्येला आत्ताच सांगून ठेवा.