रिझर्व्हिस्टांच्या रेकॉर्डबद्दल फिरणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

मामांचा खानापूरहून फोन आला. "पेन्शन बंद होतंय म्हणे रे. कागद आणि पैसे घालून सोडू काय?" मामा सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं रिझर्व्हमध्ये, म्हणजे घरी राहून पण बोलावणं आलं की हजर व्हायचं अशा सेवेत, काढून रिझर्व्हिस्ट पेन्शनवर आलेले. वय झालंय, कान कमी झालेत, पण मोबाइलवर आलेला मेसेज त्यांना कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवला होता आणि तो खरा वाटला होता. नंतर पाहिलं तर तोच मेसेज बेळगाव, निपाणी, चंदगडकडच्या माजी सैनिकांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर हात जोडलेल्या चिन्हासकट फिरतोय. मी नोकरीभर पलटणीच्या ऑफिसात क्लार्क होतो, पार्ट टू ऑर्डरी (जवानांच्या नोंदींचे हुकूम) आणि शीट रोल (प्रत्येक जवानाचा भरतीपासूनचा नोंदकागद) यांच्यातच दिवस गेले. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा आहे. रिझर्व्हिस्ट पेन्शनरचं नाव, जन्मतारीख, जिल्हा आधारशी जुळत नसेल तर पेन्शन बंद होणार. लष्कर पंचवीस वर्षांनी सगळे कागद जाळतं, म्हणून रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटचे सेवाकागद सांभाळणाऱ्या कचेरीत, जाऊन उपयोग नाही. नोटरीचं प्रतिज्ञापत्र आणि आधार दिलं की जन्मतारीख बदलून मिळते, आणि ऐंशी वर्षांची वाढीव पेन्शन लगेच सुरू होते. बेळगाव जिल्ह्यातले मराठी दाखले चालत नाहीत, नवीन कन्नड दाखले काढा. इतक्या वर्षांनी कोर्टही ऐकत नाही. म्हणून पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि ओटीपी या नंबरवर पाठवा, फी पाच हजार.

सगळ्यात घातक मुद्दा जन्मतारखेचा आहे, म्हणून तोच आधी घेतो.

वाढीव पेन्शन ही गोष्ट खरी आहे. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के जादा मिळतात. हे वय पेन्शनच्या नोंदीत असलेल्या जन्मतारखेवरून मोजलं जातं, आणि ती नोंद भरतीच्या वेळी शीट रोलवर जी तारीख चढली तिच्यावरून आलेली असते. नेमका या आशेचाच मेसेजवाल्यानं फायदा घेतलाय. ज्याचं वय रेकॉर्डवर ७८ आणि आधारवर ८१ आहे, त्याला वाटणारच की सरकार आपले पैसे दाबून बसलंय.

पण आपल्या भागात आधार कसं निघालं ते आठवा. शाळेत किंवा पंचायतीत कॅम्प लागला, म्हाताऱ्यांना रांगेत बसवलं, तारीख विचारली. माहीत नाही म्हटल्यावर अंदाजानं वर्ष घातलं आणि पुढे १ जानेवारी लावून टाकली. आपल्या गावातल्या किती आजोबांचा वाढदिवस १ जानेवारीला येतो ते बघा. अशा तारखेवरून लष्कराची नोंद बदला म्हणायचं? आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं आधार देणाऱ्या प्राधिकरणानंच सांगून ठेवलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला धरला.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चूक दोन प्रकारची असते. एक, उतरवून घेताना झालेली. शीट रोलवर १२ मार्च १९४४ आहे आणि पीपीओ टाइप करताना १९४९ झालं, किंवा जुन्या पीपीओवर जन्मतारीखच घातलेली नाही. ही चूक दुरुस्त होते आणि हक्कानं होते. रेकॉर्ड ऑफिस मूळ कागद बघतं, प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडे प्रकरण पाठवतं, आणि तिथून कोरिजेंडम पीपीओ, म्हणजे दुरुस्तीचा आदेश, निघतो. दुसरी, भरतीच्या वेळीच अंगठा किंवा सही करून दिलेली तारीख आज चुकीची वाटते. तिच्यासाठी पन्नास-साठ वर्षांनी प्रतिज्ञापत्र नेऊन दिलंत तर ती बदलत नाही. त्याच तारखेवर तुमची भरती झाली, त्याच तारखेवर तुम्ही नोकरी केलीत. नोटरीसमोर खोटी तारीख शपथेवर लिहून देणं हा गुन्हा आहे, आणि त्या कागदाखाली सही तुमची असते, मेसेज पाठवणाऱ्याची नव्हे. तारखा जुळत नसल्यानं अडचण येत असेल तर आधार सेवानोंदीप्रमाणे करून घ्या. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून आधी शीट रोलवरची तारीख नीट बघा आणि मगच केंद्रावर जा.

"आधारशी जुळलं नाही की पेन्शन बंद" यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. पेन्शन स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेवर, गेल्यावरही वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला तर पेन्शन थांबते, आणि नाव-तारीख जुळत नसेल तर डिजिटल दाखला अडकू शकतो. पण अडकला म्हणजे हक्क गेला असं नाही. दाखला देण्याचे दुसरे मार्ग आहेत, आणि दाखला जमा झाला की थांबलेली रक्कम मिळते.

आता जिल्ह्याचं. हे वाचून तर डोकंच फिरलं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, मग कोल्हापुरात गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. त्यामुळे १९५६ आधी भरती झालेल्या चंदगडच्या माणसाच्या कागदावर जिल्हा बेळगाव असणार, तालुका आणि गावाचं इंग्रजी स्पेलिंग साहेबाच्या काळातलं असणार. ही चूक नव्हे. त्या दिवशी गाव ज्या जिल्ह्यात होतं तो जिल्हा तिथे लिहिलाय. आजचा पत्ता वेगळा भरायचा असतो आणि तो बदलायला रेकॉर्डला हात लावावा लागत नाही. ज्यांचे वडील त्या काळी भरती झाले त्यांच्या घरच्यांना "मूळ गाव दुरुस्ती"साठी पळवणं हा शुद्ध त्रास आहे.

"लष्कर कागद जाळतं." या वाक्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती सोयीनं अर्धीच सांगितलीय. ज्यांना पेन्शन मिळाली नाही अशांचे सेवाकागद नाव कमी झाल्यापासून २५ वर्षांनी नष्ट करतात, लष्कराच्या नियमातच ते आहे. पण लाँग रोल, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य नोंदींचं रजिस्टर, राहतो. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण एवढं त्याच्यावर सापडतं. आणि मेसेज पाठवलाय कुणाला? पेन्शनरांना. त्यांच्या कागदांना हा २५ वर्षांचा नियम लागूच नाही. मामांचा शीट रोल २५ वर्षांत जळाला असं सांगणाऱ्याला शीट रोल काय असतो हेच माहीत नाही.

या मुद्द्याची खरी झळ ज्यांना पेन्शन मिळायला हवी होती पण मिळाली नाही त्यांना लागते, आणि त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीत नियम १५५ आहे. कलर सर्व्हिस (पलटणीतली प्रत्यक्ष सेवा) आणि रिझर्व्ह सर्व्हिस मिळून ठरलेली आणि निदान १५ वर्षांची सेवा झाली असेल, आणि दुसरी सर्व्हिस पेन्शन नसेल, तर रिझर्व्हिस्ट पेन्शन देता येते. समजा एखादा १९६२ साली भरती झाला, १९६९ साली रिझर्व्हला गेला, १९७७ साली त्याचं नाव कमी झालं. सात आणि आठ, पंधरा वर्षं झाली. पण क्लार्कनं १९७७ च्या जागी १९७६ लिहिलं की चौदाच भरतात आणि माणूस आयुष्यभर पेन्शनविना राहतो. अशी चूक शोधायची जागा म्हणजे घरातली ट्रंक. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं नोंदपुस्तक, काढा. रिझर्व्हला पाठवल्याची तारीख आणि अखेरच्या डिस्चार्जची तारीख, या दोन ओळी बोटानं धरून वाचा आणि बेरीज करा. कागद पिवळा पडला असेल, शाई उडाली असेल, तरी शिक्का आणि तारीख बहुतेक वेळा दिसते. लाँग रोलवरच्या तारखेशी ती ताडून पाहायची असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसकडे प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

"मराठी दाखले चालत नाहीत." सीमाभागातल्या माणसाचं दुखणं कुठे आहे हे ओळखून हे वाक्य घातलंय, म्हणून त्याचा जास्त राग येतो. इथल्या सरकारी कचेऱ्यांत भाषेवरून आपल्याला काय सोसावं लागतं ते मला कुणी सांगायला नको. पण रेकॉर्ड ऑफिस राज्याचं नाही, संरक्षण खात्याचं आहे. केंद्राकडे किंवा राज्याकडे गाऱ्हाणं मांडताना तिथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत अर्ज करण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० नं दिलाय. जुन्या मराठी शाळेचा दाखला हा दाखलाच आहे, त्याला साक्षांकित इंग्रजी किंवा हिंदी भाषांतर जोडा. जो मूळ दाखला आहे तो टाकून नव्यानं दाखला "काढणं" म्हणजे हातातला भक्कम पुरावा सोडून कच्चा पुरावा घेणं.

मेसेजनं ज्याचा उल्लेखही केला नाही पण आमच्याकडे सगळ्यात जास्त नडतं ते बायकोचं नाव. लग्नात नाव बदलायची आपली रीत. शीट रोलवर माहेरचं शेवंता, रेशनकार्डावर सासरचं शांताबाई, आधारवर आणखी तिसरंच. नवरा हयात असेपर्यंत हे सोपं असतं. त्यानं स्वतः अर्ज करायचा, दोघांचा एकत्र फोटो, लग्नाचा पुरावा, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. प्रतिज्ञापत्र इथे लागतं, कारण ते खरं सांगतं. नवरा गेल्यावर तीच बाई सिद्ध करत बसते की मी त्याचीच बायको, आणि तोवर कुटुंब पेन्शन अडकून राहते. माझ्या गल्लीतली एक विधवा अशी कागद घेऊन फिरताना मी पाहिलीय. पीपीओवर बायकोचं नाव आणि जन्मतारीख आहे का, हे आज बघा.

"कोर्ट ऐकत नाही." ऐकतं. तरसेम सिंग या फौजीचा खटला बघा. १९८३ साली आजारपणामुळे त्यांना फौजेतून काढलं, अपंगत्व पेन्शनसाठी ते १९९९ साली कोर्टात गेले, म्हणजे सोळा वर्षांनी. १३ ऑगस्ट २००८ रोजी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पेन्शन न मिळणं ही दर महिन्याला नव्यानं होणारी चूक आहे, त्यामुळे नुसत्या उशिराच्या कारणावरून दावा फेटाळता येत नाही. मात्र मागची थकबाकी दावा करण्याच्या आधीच्या साधारण तीन वर्षांपुरतीच मिळेल. म्हणजे उशिरानं नुकसान होतं हे खरं, आणि म्हणूनच आज अर्ज करा असं मी म्हणतो. त्याच निकालात हेही आहे की जिथे दुसऱ्याच्या ज्येष्ठतेला किंवा बढतीला धक्का लागतो तिथे उशीर नडतो. तेव्हा रँक वाढवून घ्यायच्या नादाला आता लागू नका, पेन्शनची चूक मात्र सोडू नका. २००७ च्या कायद्यानं सशस्त्र दल न्यायाधिकरण झालंय, तिथे वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं.

आणि तो नंबर. रेकॉर्ड ऑफिस दुरुस्तीसाठी फी घेत नाही, पाच हजारही नाही आणि पाच रुपयेही नाही. ओटीपी तर कुणीच मागत नाही. पीपीओ, आधार आणि ओटीपी एकत्र हातात पडले की तुमच्या नावानं व्यवहार करायला दुसरं काही लागत नाही. ज्यांनी पाठवलं असेल त्यांनी बँकेत आजच सांगावं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

अर्ज कुठे करायचा हेही लोकांना चुकीचं सांगितलं जातंय. बेळगावात राहतो म्हणून सगळ्यांचं रेकॉर्ड बेळगावात नसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं इथे आहे. महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, मद्रास सॅपर्सचं बंगळूरला. डिस्चार्ज बुकावर जी रेजिमेंट आहे तिच्याच रेकॉर्ड ऑफिसला अर्ज जातो. लिहिता येत नसेल तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा, बेळगावला आहे, चंदगडवाल्यांसाठी कोल्हापूरला आहे. अर्जावर सर्व्हिस नंबर, रँक, नाव, पीपीओ नंबर आणि नेमकी कोणती नोंद चुकलीय ते एका ओळीत लिहा. डिस्चार्ज बुक मूळ कुणाकडेही देऊ नका, साक्षांकित प्रत जोडा. हातोहात दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, पोस्टानं पाठवलंत तर पावती पीपीओच्या पाकिटातच ठेवा.