न्यू जर्सीत बसून सोलापूरचे रहिवासी कसे व्हावे

सोलापूर सोडून परदेशी स्थिरावलेल्या बंधू-भगिनींनो, तुमचं सगळं छान झालं. घर झालं, दारात दोन गाड्या आल्या, शेंगाचटणी दरवेळी कस्टममधून सुखरूप पार होते. कमी आहे ती एकाच गोष्टीची. आई फोनवर जिचं एवढं सांगत असते ती मालिका लावायला जावं, तर पडद्यावर पाटी येते : हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. सोलापुरात असताना हीच मालिका लागली की तुम्ही ‘काय रडारड लावली बे’ म्हणत गच्चीवर जायचात, हे आता कुणाला आठवू देऊ नका.

सुरुवातीलाच धोक्याची सूचना. ती मालिका तुमच्या देशात रीतसर पैसे भरून बघता येते का, हे चुकूनही तपासू नका. झी५सारखी मंडळी २०१८ पासून परदेशात दुकान मांडून बसली आहेत. तिथं बघायला गेलात आणि नेमकी तीच मालिका सापडली, तर पाच मिनिटांत काम उरकेल आणि पुढचा सगळा पराक्रम वाया जाईल. डॉलरमध्ये कमावणाऱ्यानं डॉलरमध्ये वर्गणी भरायची, याला काय अर्थ आहे?

तेव्हा व्हीपीएन घ्या. कार्यक्रमाचे हक्क देशागणिक विकलेले असतात आणि तुम्ही कुठल्या देशात आहात हे तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या नंबरावरून कळतं. व्हीपीएन तुमची मागणी आधी दुसऱ्या देशातल्या सर्व्हरकडं नेतं, समोरच्याला पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. चांगली शाळा मिळावी म्हणून लहानपणी तुमच्या फॉर्मवर मामाच्या घरचा पत्ता घातला होता, तसंच हे.

आता ‘भारत’ निवडा. इथं थोडं थांबून अभिमान बाळगायला हरकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर ५ वर्षं जपून ठेवायचे. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी आपले सर्व्हर भारतातून काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएननं भारतीय पत्त्याची सोय केली ती सिंगापूर आणि ब्रिटनमधल्या यंत्रांवरून. म्हणजे लंडनमधला सोलापूरकर महिन्याला पाउंड मोजणार, त्याची मागणी ब्रिटनमधल्याच एका यंत्रात शिरणार आणि तिथून भारतीय होऊन बाहेर पडणार. व्हिसासाठी तुम्ही किती रांगा लावल्यात, आणि परतीचा प्रवास बघा कसा बसल्या जागी होतो.

पाउंड मोजणंही जिवावर येत असेल तर फुकटचं व्हीपीएन आहेच. होला नावाच्या अशाच एका फुकट सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झालं, की ती वापरणाऱ्यांचं इंटरनेट दुसऱ्यांना भाड्यानं देत होती. तुम्ही सोलापूरकर म्हणून मालिका बघताय आणि तुमच्या पत्त्यावरून कोण कुठला माणूस काय उद्योग करतोय, देव जाणे. फुकटात मात्र आहे.

दुबईवाल्यांनी जरा बेतानं घ्यावं. तिथल्या कायद्यात आयपी पत्ता फसवून गुन्हा केला किंवा लपवला तर ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आहे. मालिका बघणं त्यात बसतं का, हे वकिलाला विचारावं लागेल. वकिलाची फी वर्गणीत धरू नये.

इथवर पोचलात की ओटीपी. भारतीय ॲपला भारतीय नंबर लागतो. तुमचं जुनं सिम अण्णांच्या बटणाच्या फोनमध्ये आहे आणि त्याचा रिचार्ज ते न चुकता मारतात. न्यू जर्सीत रात्रीचे आठ, जेवण झालेलं, तुम्ही सोफ्यावर. सोलापुरात पहाटेचे साडेपाच, आणि नेमकं नळाला पाणी आलेलं.

“अण्णा, मेसेज आलाय का बघा की.”

“पाणी भरायलोय रे. थांब.”

“दोन मिनिटांत संपतो तो, अण्णा.”

“पाणी पण तासाभरात जातंय. चार दिवसांनी आलंय.”

ओल्या हातानं चष्मा शोधून अण्णा फोन हातात घेतात. आधी कर्जाच्या जाहिरातीतला आकडा वाचतात, मग वीजबिलाचा. खरा ओटीपी सापडेपर्यंत त्याची मुदत गेलेली असते. पुन्हा पाठवायला सांगा. आता अण्णांना आठवतं, की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही असं बँकेनं बजावलंय आणि पोराच्या आवाजात बोलून लुबाडणारे लोक निघालेत. ते विचारतात, “आधी सांग, आपल्या जुन्या घरात आड कुठल्या बाजूला होता?”

तुम्हाला आठवत नाही. फोन बंद.

आईला लावा. ती देते. आईकडं कसलीच सुरक्षा नसते.

आता दिसायला लागलं, तरी गाफील राहू नका. एकाच पत्त्यावरून शेकडो माणसं आत येताना दिसली की ॲपवाले तो पत्ता बंद करतात. दुसरा सर्व्हर धरा. फोनचं जीपीएस बंद ठेवा, ते खरं बोलतं. ॲप उतरवायला प्ले स्टोअरचा देश बदलावा लागेल, तो गुगल वर्षातून एकदाच बदलू देतं आणि बदलला की तुमच्या तिकडच्या बँकेचं ॲप रुसतं. टीव्हीवर व्हीपीएन चढत नसेल तर राउटरवर चढवा. मग घरातल्या सगळ्यांचा मुक्काम सोलापूर, मुलीच्या शाळेची वेबसाइटसुद्धा उघडायला कुरकुर करते.

खातं अर्थात अण्णांचं वापरायचं. वर्गणी त्यांची, पासवर्ड तुमच्याकडं, पुण्याच्या ताईकडं आणि ताईच्या दिरांकडं. एका वेळी दोनच पडदे चालतात. त्यामुळं सुट्टीच्या दिवशी तुम्ही आणि दीर एकदम बसलात, की आईची मालिका बरोबर सासूच्या तोंडून वाक्य फुटायच्या आत थांबते. पडद्यावर काय लिहिलंय ते आई वाचत नाही. ती केबलवाल्याला बोलावते. केबलवाला वायर हलवतो, खोका बंद करून चालू करतो, दीडशे रुपये घेतो. तेवढ्यात तुमचा भाग संपलेला असतो आणि टीव्ही लागतो. केबलवाल्याचं गल्लीत नाव होतं. हे असंच चालू द्या.

आणि संक्रांतीला गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेसाठी घरी याल तेव्हा लॅपटॉप विसरू नका. नंदीध्वज बघून, होम मैदानावर फिरून रात्री आठला घरी पोचाल. समोर आईची मालिका लागलेली असेल, अस्सल सोलापुरी पत्त्यावर, विनाअडथळा. तुम्ही कोपऱ्यात बसून व्हीपीएनवर ‘अमेरिका’ निवडा, कारण तुमची तिकडची सिरीज इथं उपलब्ध नाही. ओटीपी न्यू जर्सीत बायकोच्या फोनवर जाईल. तिथं सकाळचे साडेनऊ, ती मीटिंगमध्ये. फोन लावा खुशाल. दोन मिनिटांत संपतो तो.