एकाच नावाचे दोन गेम विकणाऱ्यांना कुणीतरी आवरा

व्हिडिओ गेम बनवायला या कंपन्यांना चार-चार, पाच-पाच वर्षं लागतात. शेकडो माणसं राबतात. टायरखालून उडणारी धूळसुद्धा खरी दिसावी म्हणून महिनोन्महिने घालवतात. आणि बारशाची वेळ आली की यांची अक्कल कुठे चरायला जाते? स्वतःचंच जुनं नाव उचलायचं, जसंच्या तसं नव्या गेमवर चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. वर त्याला ‘रीबूट’, म्हणजे मालिकेची नव्याने सुरुवात, म्हणायचं. रीबूट कसला, आळशीपणा आहे हा, आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाने भरायचा.

परवाचंच सांगतो. भाच्याला ‘नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड’ हवा होता. २००५ सालचा, गाड्यांच्या शर्यतीचा. ज्यांनी तो खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रॉकपोर्ट शहर, पंधरा जणांची ब्लॅकलिस्ट, सगळ्यात वर तो रेझर आणि त्याने लबाडीने बळकावलेली आपली निळी-चंदेरी बीएमडब्ल्यू. ती परत मिळवायची म्हणून एकेकाला हरवत वर चढायचं. माझ्याकडून हे सगळं ऐकून ऐकून पोरगं वेडं झालं होतं. घरात जुना एक्सबॉक्स ३६० (टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) अजून चालू आहे, म्हणून एका सेकंडहँडवाल्याला फोन लावला. सेकंडहँड मालात मूळ डबी बहुतेक वेळा हरवलेलीच असते, तेव्हा सगळा व्यवहार नावावर चालतो.

“मोस्ट वॉन्टेड आहे का? जुना पाहिजे.”

“आहे ना. जुनाच आहे. पाठवतो.”

डिस्क आली, साध्या पांढऱ्या पाकिटात. लावली. शहर निघालं फेअरहेवन. म्हणजे हा २०१२ चा. याही कन्सोलवर चालतो, नाव तेच, अक्षर न् अक्षर तेच, पण गोष्ट नाही, ब्लॅकलिस्ट नाही. भाचा अर्धा तास गाडी फिरवत राहिला आणि मग म्हणाला, “मामा, यात रेझर कुठाय?” काय सांगणार त्याला? पुन्हा फोन केला तर दुकानदार म्हणतो, “साहेब, नाव वाचा की डिस्कवरचं. मोस्ट वॉन्टेडच दिलाय. तुम्ही जुना म्हणालात, मग हा काय काल आलाय का? उघडलेली डिस्क परत घेत नाही आम्ही.”

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या दुकानदाराला तरी किती बोलणार? त्याने दिलेल्या मालावर मी मागितलेलंच नाव छापलेलं आहे. ज्या प्रकाशकाने, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीने, एकाच मालिकेत, सात वर्षांच्या अंतराने, दोन वेगळ्या गेमना एकच नाव दिलं, त्याला जाब कोण विचारणार? आणि हे एकदाच झालं असं समजू नका. याच मालिकेत ‘हॉट पर्स्यूट’ १९९८ साली आला आणि २०१० साली पुन्हा आला.

‘कॉल ऑफ ड्यूटी’ ही युद्धाच्या गेमची मालिका काढणाऱ्यांनी तर कहर केलाय. ‘मॉडर्न वॉरफेअर’ पहिल्यांदा आला २००७ साली, मालिकेतला चौथा गेम म्हणून. मग २००९ ला त्याचा दुसरा, २०११ ला तिसरा भाग. इथवर ठीक. मग २०१९ ला पुन्हा ‘मॉडर्न वॉरफेअर’, २०२२ ला पुन्हा दुसरा, २०२३ ला पुन्हा तिसरा. फरक एवढाच की जुन्यांवर साधा आकडा होता आणि नव्यांवर रोमन आहे. अरे, माणूस तोंडाने रोमन आकडा कसा उच्चारणार? कट्ट्यावर बसून दोघं ‘मॉडर्न वॉरफेअर टू’बद्दल तावातावाने भांडतात आणि पंधरा मिनिटांनी कळतं की एक जण २००९ चं बोलतोय आणि दुसरा २०२२ चं. लोकांना आता प्रत्येक नावामागे साल लावायची सवय लागली आहे. ‘गॉड ऑफ वॉर’ म्हटलं की कुठला, २००५ चा की २०१८ चा? ‘टूम रेडर’ १९९६ चा की २०१३ चा? ‘डूम’ १९९३ चा की २०१६ चा? हे दोन्ही ‘डूम’ मला जीव की प्राण आहेत, म्हणून तर जास्त चीड येते.

‘बॅटलफील्ड’चा क्रम बघा. चौथा भाग २०१३ ला. त्यानंतर २०१६ ला आला ‘बॅटलफील्ड १’, कारण त्यात पहिलं महायुद्ध आहे. मग २०१८ ला पाचवा, त्यात दुसरं महायुद्ध. मग ‘२०४२’. मग २०२५ ला सहावा. चार, एक, पाच, दोन हजार बेचाळीस, सहा! नव्याने मालिका सुरू करणाऱ्याने कुठून सुरुवात करायची? एखाद्याने सरळ मनाने ‘बॅटलफील्ड १’ उचलला तर त्याचं काय चुकलं?

आणि सगळ्यात वाईट प्रकार ‘प्रे’चा. २००६ साली या नावाचा गेम आला. २०१७ साली दुसऱ्याच स्टुडिओने बनवलेला, दुसऱ्याच गोष्टीचा, दुसऱ्याच पात्रांचा गेम त्याच नावाने बाजारात आला, कारण नावाचा हक्क प्रकाशकाच्या खिशात होता. दुसऱ्या गेमच्या स्टुडिओचा तेव्हाचा प्रमुख नंतर जाहीरपणे म्हणाला की हे नाव आम्हाला नकोच होतं. किती सुंदर गेम आहे तो! अंतराळस्थानकात कपाचा राक्षस होतो, खुर्चीचा राक्षस होतो, कशावर म्हणून विश्वास ठेवता येत नाही. आणि त्याच्या गळ्यात दुसऱ्याची पाटी अडकवली.

या लोकांना एकदा पुण्यात आणून पेठांतून फिरवलं पाहिजे. इथे पावलापावलावर मारुती आहेत. देव एकच, शेंदूर तोच. पण कुणी नुसतं ‘मारुती’ म्हणून सोडलं का? जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती. रिक्षावाल्याला जिलब्या मारुती म्हटलं की तो डुल्या मारुतीला नेऊन सोडत नाही. विठोबा पासोड्या, मुरलीधर खुन्या, म्हसोबा सोट्या. एकदा कानावर पडलेलं नाव जन्मात विसरत नाही माणूस. ही नावं ठेवायला कुणी मार्केटिंगची टीम बसवली नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नेमकं ठिकाण कळावं एवढीच गरज होती. ती गरज कोट्यवधी डॉलर खर्चून गेम काढणाऱ्यांना कळत नाही?

चांगलं नाव ठेवायला जमतच नाही असंही नाही, पूर्वी जमत होतं. ‘पॅकमॅन’चं उदाहरण घ्या. १९८० साली जपानमध्ये तो ‘पकमॅन’ म्हणून आला. अमेरिकेत नेताना कंपनीच्या लक्षात आलं की टवाळ पोरं मशीनवरचं पहिलं अक्षर खरवडतील आणि नावाची शिवी करून ठेवतील. म्हणून बदललं. म्हणजे नाव रस्त्यावर गेल्यावर त्याचं काय होईल याचा विचार कुणीतरी बसून केला होता! ‘टेट्रिस’, ‘कॉन्ट्रा’, ‘पोर्टल’, एका दमात म्हणता येतात. नाव लांब असलं म्हणूनही बिघडत नाही. ‘प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज’ केवढं लांब आहे, पण डबी न उघडता कळतं की झाडं आणि भुतं यांची मारामारी आहे. ‘अँग्री बर्ड्स’, ‘टेंपल रन’, ‘फ्रूट निंजा’. आमच्या सोसायटीतल्या साठी-सत्तरीच्या बायका ‘कँडी क्रश’ अचूक नावाने मागतात. त्यांना साल सांगावं लागत नाही.

आणि तुम्ही नीट नाव दिलं नाही तर लोक स्वतः देतात, हे तर आपल्याकडे नव्वदच्या दशकातच सिद्ध झालंय. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून ‘मुस्तफा’ खेळला नाही असा माझ्या वयाचा माणूस विरळा. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉम कंपनीने १९९३ ला काढलेला. ते नाव उच्चारलेलं मी त्या काळात कुणाच्याही तोंडून ऐकलं नाही. त्यातल्या एका पात्राचं नाव मुस्तफा, बास, गेमच मुस्तफा. पबजीचंही तेच. सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ होऊन परत आला. टपरीवर कान देऊन उभे राहा, आजही पोरं ‘चल पबजी टाकू’ असंच म्हणतात. एवढं लांबलचक सरकारी खात्यासारखं नाव कोण घेईल?

‘किंगडम हार्ट्स’ या गेममालिकेबद्दल लिहायला बसलो तर रक्तदाब वाढेल, तरी लिहितोच. त्यातल्या एकाचं नाव ‘३५८/२ डेज’. अपूर्णांक! दुसऱ्याचं नाव, श्वास घ्या, ‘किंगडम हार्ट्स एचडी २.८ फायनल चॅप्टर प्रोलॉग’. शेवटचा अध्याय आणि प्रस्तावना एकाच नावात. वर दशांश चिन्ह. हे नाव बैठकीत मंजूर करताना एकाही माणसाने हात वर केला नाही? एक्सबॉक्सवालेही काही कमी नाहीत. पहिल्यानंतर ३६०, त्यानंतर ‘वन’, मग ‘वन एस’, ‘वन एक्स’, मग ‘सीरीज एस’, ‘सीरीज एक्स’. पोराच्या वाढदिवसाला कन्सोल घ्यायला निघालेल्या आईबापांनी हे कसं ओळखायचं? निन्टेन्डोने ‘वी’ या कन्सोलनंतर ‘वी यू’ काढला तेव्हा कित्येकांना तो जुन्या मशीनला जोडायचा एखादा सुटा भागच वाटला. ‘वी’ दहा कोटींच्या वर खपला होता, ‘वी यू’ दीड कोटीलाही पोचला नाही. नाव हे काही एकमेव कारण नव्हतं, पण त्याने घात केला हे नक्की.

म्हणूनच पुण्यात बनलेल्या गेमकडे मी डोळ्यांत तेल घालून बघतो. ‘राजी’ इथल्याच नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० ला आणला. दोन अक्षरं. मुलीचं नाव, आणि ती भावाला शोधायला निघते. पुढचं ‘अ‍ॅन एन्शंट एपिक’ हे शेपूट कुणी घेत नाही, घ्यायची गरजही नाही. ‘इंडस’ही इथलाच, सुपरगेमिंगचा. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळतं. हे जपा रे बाबांनो. उद्या दुसरा भाग काढाल तेव्हा बाहेरच्यांचं बघून त्याला पुन्हा नुसतं पहिल्याचंच नाव देऊ नका, रोमन आकडा लावू नका, दशांश तर मुळीच नको. नाव छापायला टाकण्याआधी भर गर्दीच्या वेळी लक्ष्मी रोडवरून एखाद्या दुकानदाराला फोन करा, ते नाव एकदाच सांगा आणि ठेवून द्या. त्याने उलटा फोन करून “कुठला?” असं विचारलं, तर ते नाव फेकून द्या आणि दुसरं शोधा.