फ्रीजमधला म्हातारा आणि फॉरवर्डमधलं संमोहन

मागच्या रविवारी ताईनं भाच्याच्या कॉम्प्युटरवरून गेम उडवला. सेव्ह केलेल्या खेळासकट उडवला. पोट्टा दुसऱ्या भागात व्हेनिसपर्यंत पोचला होता. मी फोन केला तर म्हणाली, "आधी मेसेज वाच, मग बोल माझ्याशी." तो मेसेज नागपूरच्या महाल भागातल्या तिच्या बिल्डिंगच्या ग्रुपवरून शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर गेला, आणि संध्याकाळपर्यंत मला तिघांकडून मिळाला. त्यातले एक चांगले इंजिनिअर आहेत.

मथळा असा : 'पालकांनो सावधान! जुना गेम, नवं विष.' गेम म्हणजे टूम रेडर, पहिल्या तीन भागांची रीमास्टर केलेली, म्हणजे जुन्या गेमला नवी चित्रं चढवलेली आवृत्ती. लारा क्रॉफ्ट ही त्याची नायिका. भाच्याला ती मीच घेऊन दिली होती, कारण मे महिन्यात नागपूरच्या दुपारी पोरांना बाहेर पाठवायचं कुठे? तेव्हा उत्तर देणं माझ्याच गळ्यात आहे.

'1996 साली बंदी घातलेला गेम रंगरंगोटी करून परत आणलाय,' इथून सुरुवात. बंदी कोणी घातली, कुठे, हे लिहिलेलं नाही. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या डर्बीच्या कोअर डिझाइन या कंपनीनं पहिला भाग काढला, 1997 मध्ये दुसरा, 1998 मध्ये तिसरा. 2001 मध्ये त्यावर अँजेलिना जोलीचा सिनेमा आला. बंदीतल्या मालाची अशी वरात निघते का? 14 फेब्रुवारी 2024 ला अ‍ॅस्पायर या कंपनीनं तिन्ही भाग नव्या चित्रांसह एकत्र आणले. एवढीच गोष्ट.

आता मेसेजमधला मुख्य आरोप. 'गेममध्ये एक गुप्त बटण आहे. ते दाबताच चित्रं क्षणात बदलतात आणि या तंत्रानं मुलाच्या मनावर संमोहन केलं जातं.'

अहो, त्या बटणाच्या जोरावर तर गेम विकला! कॉम्प्युटरवर ते एफ1 आहे. दाबलं की आजची चित्रं जातात आणि नव्वदच्या दशकातली येतात, टोकदार कोपरांची लारा क्रॉफ्ट आणि दाणेदार भिंती. परत दाबलं की परत नवी. खाली चालतो तो मूळ गेमच. दार तिथंच, खड्डा तिथंच, लांडगाही तिथंच. बदलतं ते वरचं कातडं. (झगमगत्या प्रकाशानं ज्यांना झटके येतात त्यांच्यासाठी बहुतेक गेमांत सूचना असते. ती खरी काळजी आहे, पण फॉरवर्डवाल्याला तिचं काही पडलेलं नाही.)

मी ते बटण तासाला वीसदा दाबतो. कारण अगदी घरगुती आहे. नव्या प्रकाशयोजनेत काही खोल्या इतक्या अंधाऱ्या झाल्यात की कोपऱ्यातली किल्ली दिसत नाही. जुनं चित्र लावलं की सपाट उजेडात ती ढळढळीत समोर. ही युक्ती भाच्यानंच शिकवली मला. "मामा, किल्ली नाही सापडली नं, तर तुमच्या जमान्यात जाऊन या."

माझा जमाना म्हणजे धरमपेठेत मित्राच्या घरी, त्याच्या बाबांच्या कॉम्प्युटरवर, कूलरच्या पुढ्यात बसून खेळलेला उन्हाळा. आठवणीत त्या गुहा केवढ्या देखण्या होत्या! परवा एफ1 दाबलं आणि चार करड्या भिंती दिसल्या. मला वाटत होतं की नवी चित्रं म्हणजेच माझी जुनी आठवण. संमोहन कोणी केलंच असेल तर ते मीच माझ्यावर केलं होतं, आणि बटणानं ते उतरवलं.

आणि संमोहित पोरगं कसं खेळतं म्हणता? या गेमचं सगळं जग सारख्या चौकोनांचं आहे. जागेवरून उडी मारली की एक चौकोन, धावत मारली की दोन, धावत मारून पलीकडची कड पकडली तर तीन. भाचा लाराला अगदी कडेपर्यंत चालवत नेतो, कारण नुसतं चालताना ती पडत नाही. मग एक उडी मागे. मग धाव, शेवटच्या पावलाला उडी, आणि हवेत असतानाच पकडीचं बटण. चुकलं की खाली, आणि पुन्हा सेव्हपासून. मी बघत होतो तेव्हा तो ओठांतल्या ओठांत चौकोन मोजत होता. भूमितीच्या पेपराला एवढं मोजलं असतं तर... असो.

'म्हाताऱ्या माणसाला फ्रीजमध्ये कोंडायला शिकवतात.' हं. इथे मला थोडं खाली बघावं लागेल. दुसऱ्या भागात लाराच्या वाड्यात एक म्हातारा बटलर आहे, विन्स्टन. हातात ट्रे, कपबशा खडखडतायत, आणि तुम्ही जाल तिथे तो मागे मागे येतो. स्वयंपाकघरात माणूस मावेल एवढी फ्रीजची खोली आहे. त्याला आत यायला लावायचं आणि आपण पटकन बाहेर सटकायचं. गेम असं कुठेही सांगत नाही, त्याचे गुण मिळत नाहीत, पण जगभरच्या पोरांनी हे केलंय. मीही केलंय. भाच्यानं केलं ते न सांगता केलं, याचं मला जरा कौतुकच वाटलं.

नायिकेचे कपडे उतरवणाऱ्या गुप्त कोडची भानगड तर आम्ही 1998 मध्येच ऐकली होती, सीताबर्डीवरच्या सीडीवाल्याकडे. असा कोड गेममध्ये कधीच नव्हता. दुसऱ्या भागात पावलांचा आणि गिरक्यांचा एक क्रम आहे, तो केला तर बाईचा स्फोट होतो. करून बघा.

'भारताचा मुद्दाम अपमान केलाय.' तिसरा भाग भारतातल्या जंगलात सुरू होतो, हे खरं. वाघ येतात, माकडं औषधाची पेटी पळवतात, पडक्या मंदिरात सहा हातांच्या मूर्ती तलवारी घेऊन अंगावर येतात. ऐकीव माहितीवर रचलेला भारत आहे हा, आणि पेंच-ताडोबाच्या दारात राहणाऱ्या मला आता त्या वाघावर गोळी झाडताना कसंसंच होतं. पण नव्या कंपनीनं हे मुद्दाम घातलं म्हणणं सपशेल खोटं. हे सगळं 1998 चंच आहे. उलट या संचात टूम रेडर आता ज्यांच्या हातात आहे त्या क्रिस्टल डायनॅमिक्स कंपनीनं पाटी लावली आहे की यात लोकांचं आणि संस्कृतींचं आक्षेपार्ह, वांशिक पूर्वग्रहांतून आलेलं चित्रण आहे, त्याला माफी नाही, आणि ते काढून न टाकता जसंच्या तसं ठेवलंय. फॉरवर्डवाल्यानं गेम सुरू करून बघितला असता तर त्याला आयता मुद्दा मिळाला असता.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र माझं डोकं फिरलं, कारण ताईनं गेम उडवला तो याच्यावर. 'जागतिक आरोग्य संघटनेनं सिद्ध केलंय की रोज एक तास गेम खेळणारं मूल मनोरुग्ण असतं.'

संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या 11व्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. 2019 च्या मे महिन्यात ती मंजूर झाली, 2022 च्या जानेवारीपासून लागू आहे. व्याख्येत तासांचा आकडाच नाही. तीन गोष्टी आहेत : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान होत असूनही तो चालू ठेवणं किंवा वाढवणं. तेही इतकं की घर, शाळा, माणसं यांत ठळक बिघाड दिसावा, आणि सहसा किमान 12 महिने दिसावा. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा त्रास होतो, हेही संघटनाच सांगते. ज्या घरात तो खरंच आहे तिथे डॉक्टरकडे जायला हवं. पण शाळा, ट्यूशन आणि संध्याकाळचं क्रिकेट सांभाळून दुपारी दीड तास उड्या मोजणाऱ्या पोराला बिल्डिंगच्या ग्रुपवर मनोरुग्ण ठरवायचं? त्याच ग्रुपवर रात्री बारापर्यंत फॉरवर्ड ढकलणाऱ्यांनी?

हे सगळं मी ताईला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं, टाकून दे तो गेम परत. पण त्या म्हाताऱ्याले बाहेर काढ म्हणा आधी."

मी म्हटलं, "वाड्यात नव्यानं शिरलं नं, की तो आपोआप सुटतो. ट्रे घेऊन परत मागे."

"चहा असते का त्यात?"